आधी जनरेटर बघा

पोशेऱ्याच्या पाड्यांवर फोन लागणं हे अजूनही जागेवर अवलंबून असतं. घरात रेंज नाही, अंगणाच्या एका कोपऱ्यात एखादी काडी, टेकाडावर गेलं तर दोन. माझा एक विद्यार्थी सुट्टीत घरी गेला की फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आंब्याच्या फांदीला टांगतो, स्पीकर चालू करतो आणि खाली उभा राहून मोठ्याने बोलतो. फांदीपाशी रेंज येते, खाली येत नाही. सगळ्या पाड्याला त्याचं बोलणं ऐकू जातं, त्यामुळे खासगी असं काही राहत नाही. पण विज्ञान शिकवणारी बाई म्हणून मला ही पद्धत फार आवडते. का, ते पुढे सांगते.

मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी शिकवते. वीज, चुंबक, लहरी यांच्याशी दुरून संबंध असलेला कुठलाही प्रश्न शेवटी माझ्याकडेच येतो. टॉवरचा प्रश्नही तसाच आला. एकाच्या वरकस जमिनीवर टॉवर उभारायची बोलणी चालू होती. तरुण पोरांना तो कालच हवा होता. म्हाताऱ्यांना नको होता. ज्याची जमीन त्याला भाडं मिळणार होतं, म्हणून तो गप्प होता. एका ओट्यावर सगळे बसले असताना एक आजी मशेरी लावता लावता म्हणाल्या, "बाई, तो टावर उभा राहिला तं नातवाच्या डोक्याला काय होईल?" मग एका पोराने जव्हारला उतरवून घेतलेला व्हिडिओ दाखवला. त्यात टॉवरमुळे कॅन्सर होतो, चिमण्या मरतात, बायकांना मूल होत नाही असं सगळं एका दमात सांगितलं होतं. मागून सनईसारखं रडकं संगीत.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त गोंधळाचा होतो, कारण किनाऱ्यावर तारापूर आहे. १९६९ पासून तिथे अणुवीज तयार होते आणि रेडिएशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण अणुभट्टीतून किंवा एक्स-रे यंत्रातून निघणारे किरण आणि टॉवरच्या लहरी यांच्यात फरक ताकदीच्या जातीचा आहे. एक्स-रेच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की तो पेशीतल्या रेणूचे बंध तोडू शकतो, डीएनए बिघडवू शकतो. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणात त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा दहा लाखावा भागही नसतो. आणि असे कितीही कण आले तरी त्यांची बेरीज होऊन बंध तुटत नाही. कैरीवर दिवसभर मुरमुरे फेकले तरी ती पडत नाही, तिला एक दगडच लागतो. आपल्याकडे गंमत अशी की छातीचा फोटो काढायला गेलेली बाई पोटात बाळ असल्याचं सांगायला लाजते, आणि घरी येऊन टॉवरची भीती घेते.

टॉवरच्या लहरी मग काहीच करत नाहीत का? करतात, ऊब देतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच कुळातल्या लहरींनी अन्न शिजवतो. तिथे बंद डब्यात आठशे-हजार वॅट कोंडलेले असतात. शरीराला जाणवेल इतकी ऊब किती शक्तीला येते, हे मोजूनच जगभरच्या मर्यादा ठरल्या. त्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने परिणाम दिसायच्या पातळीच्या पन्नास पट खाली सामान्य लोकांसाठीची रेषा ओढली. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ती रेषा आणखी दहा पट खाली आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला ०.४५ वॅट.

आता फळ्यावरचं गणित. टॉवरच्या एका अँटेनातून साधारण २० वॅट निघतात आणि समोरच्या दिशेला ते पन्नासेक पट एकवटतात. दोनशे मीटरवर, अगदी झोताच्या मधोमध उभं राहिलं, तरी ते चौरस मीटरला दोन मिलिवॅट भरतात. अशा पाच-सहा अँटेना एकाच दिशेला लावल्या असं धरू, बारा मिलिवॅट. मर्यादा साडेचारशेची. दहा मीटरवर मात्र, अँटेनाच्या उंचीवर आणि थेट समोर, हाच हिशेब मर्यादेच्या बाहेर जातो. म्हणून शहरात समोरासमोरच्या गच्च्यांवर जो प्रश्न येतो तो खरा आहे. आमच्याकडे टॉवरच्या उंचीचं घर नाही, तेवढं झाडही क्वचित.

हे आकडे ओट्यावर कोणाला पटणार? म्हणून मी ट्रान्झिस्टर नेला. जुना, एएम बँडचा, दोन सेलवर चालणारा. कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला की तो नुसता खरखरतो, आणि जवळ विजेची काही उलाढाल चालू असली की ती खरखर बदलते. एलईडी बल्बजवळ नेला, कर्कश गुणगुण आली. स्वस्तातल्या चार्जरजवळ नेला, त्याहून मोठी. हातभर मागे घेतला, जवळजवळ गेली. मुलं घरभर फिरली: टीव्ही, पंख्याचा रेग्युलेटर, मीटर. प्रत्येक ठिकाणी गोंगाट वस्तूला चिकटून आणि एका पावलावर शांत. मग एकाचा कीपॅडचा टू-जी फोन रेडिओशेजारी ठेवला आणि दुसऱ्याला टेकाडावर जाऊन फोन लावायला सांगितलं. घंटी वाजण्याआधीच रेडिओतून टुकटुक-टुकटुक-टुर्र असा आवाज आला. सगळ्यांनी तो आधी कधी ना कधी ऐकलेला होता, पण तो फोनमधून निघणाऱ्या लहरींचा आहे हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. आजींनी विचारलं, "हा आवाज डोक्यात जातो का?" म्हटलं, तेच तर बोलायचंय.

टॉवर दोनशे मीटरवर असतो, फोन कानाला चिकटलेला असतो. डोक्यात जे काही जातं त्यातलं जवळजवळ सगळं आपल्याच हातातल्या यंत्रातून जातं. टू-जी फोन कमाल २ वॅट शक्तीने पाठवतो, तेही सलग नाही, वेळेच्या आठ हिश्श्यांपैकी एका हिश्श्यात. फोर-जीचा फोन फार तर ०.२ वॅट. पण दोघेही टॉवर जवळ असला, रेंज भरभरून असली की स्वतःहून शक्ती उतरवतात, टू-जी काही मिलिवॅटपर्यंत आणि फोर-जी त्याच्याही खाली. रेंज फिकी असली की मात्र ते पूर्ण जोर लावतात. पाड्यावरच्या प्रत्येकाला याचा पुरावा माहीत आहे: जव्हारला दिवसभर टिकणारी बॅटरी इथे दुपारीच उतरते. तेव्हा डोक्यात कमी लहरी जाव्यात असं ज्याला वाटतं, त्याने टॉवर लांब नको, जवळ मागायला हवा. हे ऐकून आजींना मी टॉवर कंपनीची माणूस वाटले असणार. त्यांनी तसं तोंडावर म्हटलं नाही, एवढंच.

आणि म्हणून तो फांदीवरचा फोन मला आवडतो. फोन कानापासून मीटरभर दूर गेला की डोक्याला मिळणारा वाटा कितीतरी पटींनी घटतो. त्या पोराने हे रेंजसाठी केलं, पण फिक्या रेंजमध्ये बोलायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. त्याचे काका मात्र कोपऱ्यातल्या एका काडीवर, फोन कानात घुसवून, अर्धा अर्धा तास बोलतात.

या सगळ्या वादाचा मराठी मुलखातला मोठा अंक मुंबईत झाला. २०१० च्या सुमारास कारमायकल रोडवरची उषाकिरण इमारत बातम्यांत आली. तिथल्या काही मजल्यांवर कर्करोगाचे रुग्ण निघाले होते आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर अँटेनांची रांग होती. डिसेंबर २०१० मध्ये आयआयटी मुंबईतले अँटेनांचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या धोक्यांबद्दल दूरसंचार विभागाला अहवाल दिला. त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पक्षी आणि मधमाश्यांवरच्या परिणामांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) तेव्हाचे संचालक असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सावधगिरीची शिफारस केली. २०१२ ची कडक मर्यादा या गदारोळानंतर आली. त्याबद्दल ओरडणाऱ्यांचे आभार मानायला हवेत, त्यांचे सगळे निष्कर्ष पटले नाहीत तरी.

उषाकिरणसारख्या बातमीत अडचण कुठे असते? भारतात सुमारे नवांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. मग वयस्क माणसं जास्त असलेल्या एखाद्या उंच इमारतीत चार-सहा रुग्ण निघणं हे दुर्दैव आहे, पण आश्चर्य नाही. हजारो इमारतींतून अशी एखादी निघणारच, आणि तिच्यासमोर टॉवर असणारच, कारण मुंबईत टॉवर कशासमोर नाही? त्या घरातल्या माणसाला हा हिशेब सांगणं क्रूरपणाचं ठरतं, हेही खरं. त्याला कारण हवं असतं आणि कारण समोर उभं दिसतं.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिले आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्या एका कर्करुग्णाच्या अर्जावर एक टॉवर बंद करायला लावला. २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्धचा जुही चावला यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि वर २० लाखांचा दंड ठोठावला. तो पुढे २ लाखांवर आला. निकालांवरून विज्ञान ठरवायचं असेल तर ग्वाल्हेरला लहरी वाईट आणि दिल्लीला चांगल्या असं म्हणावं लागेल.

आमच्या पोराच्या व्हिडिओत एक गोष्ट मात्र खरी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना '२-ब' गटात टाकलं, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता'. त्याचं एक मुख्य कारण तेरा देशांत झालेला इंटरफोन अभ्यास, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात एकूण वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत, पण सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत एका प्रकारच्या गाठीचं प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त दिसलं. अडचण अशी की किती बोललो ते लोकांनी आठवून सांगितलं होतं, आणि काहींनी दिवसाला बारा तासांहून जास्त सांगितलं होतं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या उंदरांवरच्या प्रयोगाचा अहवाल आला. दिवसाला नऊ तास सगळ्या अंगावर लहरी सोडलेल्या नर उंदरांच्या हृदयात एक विशिष्ट गाठ जास्त आढळली. त्याच प्रयोगात लहरी न सोसलेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर जास्त जगले! हा भाग व्हिडिओवाले गाळतात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा आला. दहा वर्षांहून जास्त काळ फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. फोन घराघरांत पोचले, मेंदूच्या गाठी त्या वेगाने वाढल्या नाहीत. माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोठी साक्ष आहे. तरीही लहान मुलांच्या कानाला फोन तासन् तास लावून ठेवू नये असंच मी सांगते. स्पीकर आहे, तो फुकट आहे. फोनवर *#०७# दाबलं की तो डोक्यात जास्तीत जास्त किती ऊर्जा सोडू शकतो तो आकडा बहुतेक स्मार्टफोन दाखवतात; भारतात मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. वर्गातल्या पोरींनी घरच्यांचे फोन आणून आकडे वाचले आणि कोणाच्या काकाचा फोन वाईट यावरून भांडल्याही.

विजेच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, आणि तारांची गोष्ट वेगळी. त्यांच्या लहरी सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणाऱ्या, फार संथ. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये तारांजवळ राहणाऱ्या मुलांत रक्ताचा कर्करोग जास्त दिसल्याचं दोघा संशोधकांनी मांडलं, आणि तेव्हापासून हा धागा पुरता तुटलेला नाही. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त चुंबकीय क्षेत्र असलेल्या घरांत प्रमाण सुमारे दुप्पट दिसतं. अशी घरं फार थोडी, आणि हे क्षेत्र पेशीत नेमकं काय करतं याचं उत्तर कोणाला सापडलेलं नाही. तुलनेला, पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे चाळीसेक मायक्रोटेस्ला आहे, पण ते स्थिर आहे, हेलकावत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत हे क्षेत्र एकोणिसाव्या शतकापासून मोजलं जायचं. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर चुंबक बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली, लोखंड टाळून. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस. ट्राम १९०७ मध्ये धावली, मोजमाप अलिबागला सुखरूप राहिलं. घरगुती विजेच्या 'प्रदूषणा'मुळे आपल्याकडे पहिलं स्थलांतर झालं ते माणसांचं नाही, सुयांचं.

आमच्या डीपीकडे मी मात्र सुया बघायला जात नाही. उघड्या पेटीत लोंबणारे फ्यूज, पावसाळ्यात पत्र्याच्या घरात उतरलेला करंट, आकडा टाकायला चढलेला पोरगा, कपडे वाळत घालायची लोखंडी तार मीटरच्या वायरला घासते ती जागा. वीज इथे माणसं मारते ती लहरींनी नाही, धक्क्याने. वायरमनला अर्थिंग बघायला बोलवा म्हटलं की कोणी व्हिडिओ बनवत नाही. आणि आभाळातली वीज तर वेगळीच. परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या दुपारी, तो ट्रान्झिस्टर लावला तर डोंगरापलीकडची वीज दिसली नाही तरी त्यात कडकडते. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं वीज पडून मरतात, बहुतेक शेतावर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप काढलं आहे, वीज कुठे पडतेय ते सांगणारं. त्याला रेंज लागते.

काही लोकांना टॉवरजवळ खरोखर डोकं दुखतं, झोप येत नाही. ते खोटं बोलत नाहीत. २००५ मध्ये अशा लोकांवरच्या ३१ प्रयोगांचा, एकूण ७२५ माणसांचा आढावा घेतला गेला. लहरी चालू आहेत की बंद, हे लपवलं की त्यांना ते ओळखता येत नव्हतं; दुखणं मात्र दोन्ही वेळा होत होतं. भीतीनेही डोकं दुखतं आणि ते तितकंच दुखतं.

मी ओट्यावर बसले होते तेव्हा माझ्या मागच्या घरात चूल पेटली होती. कारवीच्या कुडातून धूर वाट काढत होता, आत सून फुंकणीने फुंकत होती, तिच्या कडेवर खोकणारं पोर. उज्ज्वलाचा सिलिंडर कोपऱ्यात होता, त्यावर पाटी-दप्तर ठेवलं होतं. भरायला पैसे नव्हते आणि गाडी गावापर्यंत येत नव्हती. घरातल्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा आकडा. कर्करोग संस्थेच्या त्याच यादीत लाकूडफाट्याचा धूर '२-अ'मध्ये आहे, टॉवरच्या एक पायरी वर. तंबाखू आणि सुपारी त्याहून वर, पहिल्या गटात, खात्रीच्या कर्करोगकारकांत. उन्हातले अतिनील किरणही तिथेच. आजींनी मशेरीचं बोट पदराला पुसलं. मी काही म्हटलं नाही. त्या दिवशी पाहुणी होते.

पण एक गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. लोडशेडिंगच्या भागात टॉवर चालतो तो डिझेल जनरेटरवर. डिझेलचा धूर २०१२ पासून पहिल्या गटात आहे. म्हणजे तो टॉवर तुमच्या घराजवळ आला तर वर चाळीस मीटरवर जे लटकलंय ते संशयित, आणि खाली कुंपणात जे धडधडतंय ते सिद्ध झालेलं. लहरींबद्दल भांडायचं असेल तर दूरसंचार विभागाकडे मोजणीचा अर्ज करता येतो, आणि 'तरंग संचार' पोर्टलवर २०१७ पासून प्रत्येक टॉवर मर्यादेत आहे की नाही ते बघता येतं. करारात मात्र दुसरंच लिहून घ्या: जनरेटर घरांपासून किती लांब, धुराडं कोणत्या बाजूला, रात्री किती तास, वीज असताना तो बंद ठेवणार की नाही, सोलर बसवणार का. वाऱ्याची दिशा तुम्हाला माहीत आहे, कंपनीला नाही. आणि अर्थिंग नीट, कारण ऑक्टोबरात वीज आधी तिथेच उतरणार.

जमीनवाला पहिल्यांदा बोलला. "मग जनरेटर त्या टोकाला, नाल्याच्या बाजूला घ्यायला सांगू?" नाल्याच्या बाजूला कोणाचं घर आहे, यावरून पुढचा अर्धा तास गेला.